हिमायतबागेपासून बनीबेगम बागेपर्यंत: आबांसोबत पाण्याचा माग

गुरुवार

लातूरहून पहाटेची एसटी धरली. माझं अर्धं तिकीट आणि आबांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, म्हणजे त्यांचं काहीच नाही. दोघं मिळून अर्ध्या तिकिटात छत्रपती संभाजीनगरला निघालो, याचा आबांना अंबाजोगाईपर्यंत आनंद पुरला. ताई तिथे सिडकोत राहते. "आता तरी या," असं ती दर सुट्टीत म्हणायची आणि आबा दर सुट्टीत शेताचं काहीतरी काम काढायचे. या वेळी तयार झाले, पण अट घालून. "लेणी-बिणी नको. गुडघे ऐकत न्हाईत. मला हिमायतबाग दाखवा."

आबा कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. वेरूळ-अजिंठा सोडून हिमायतबाग का, हे घरात कुणी विचारलं नाही. नोकरीत असताना त्यांनी गावोगाव चिंचेच्या 'प्रतिष्ठान' या जातीबद्दल सांगितलेलं. ती जात तिथल्या फळ संशोधन केंद्रातून आलेली, आणि ते केंद्र काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

केज गेलं, मांजरसुंब्याला चहा झाला, बीड, गेवराई. बाहेर सगळी नांगरून टाकलेली काळी रानं आणि मधेच एखादं हिरवंगार, पाणीखाऊ उसाचं पट्टं, ते दिसलं की आबा जीभ चावायचे. शहागडला गोदावरीचा पूल आला तसे बसमधले निम्मे लोक खिडकीकडे वाकले. दोन-तीन बायांनी नाणी टाकली. आबांनी नाणं टाकलं नाही, पाणी किती आहे ते पाहिलं. लातूरच्या माणसाला ही सवय लागलेली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. मांजरा धरण तेव्हा तळाला गेलेलं. त्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडचा कुणीही कुठेही गेला की आधी तिथलं पाणी बघतो आणि मग बाकीचं.

ताईच्या दारात सहा निळे ड्रम ओळीने उभे होते. नळ आज आलाय, पुन्हा कधी येईल ते गल्लीच्या ग्रुपवर कळेल, असं तिने पाय धुवायच्या आधीच सांगितलं. आबा ड्रमांकडे बघून म्हणाले, "म्हंजे घरीच आलो की."

शुक्रवार

सकाळी सहाला दिल्ली दरवाजा. औरंगजेबाने शहराला तट घातला १६८२ च्या सुमारास, त्यातल्या दरवाजांपैकी हा सगळ्यांत भारदस्त. इथून रस्ता उत्तरेला निघायचा. आता त्याच्या दोन्ही बाजूंनी रिक्षा निघतात. दरवाजाच्या जवळच एका अंगाला सलीम अली सरोवर आणि समोर हिमायतबाग. सरोवराचं जुनं नाव खिज्री तलाव. पक्षी मोजणाऱ्यांनी त्याला पुढे पक्षितज्ज्ञांचं नाव मिळवून दिलं.

हिमायतबाग म्हणजे फुलांचे ताटवे, झोपाळे, आणि "गवतावर चालू नये" अशी पाटी, असं डोक्यात असेल तर ते आधीच काढून टाकावं. सतराव्या शतकातली मोगली बाग आहे, पण बाग म्हणून राखलेली नाही, फळबाग म्हणून राखलेली आहे. शेकडो एकरांचा पसारा. आंबा, चिंच, सीताफळ, आवळा, बोर. मधून कच्चे रस्ते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका इथे आहे, त्यामुळे झाडं शोभेची नाहीत, कामाची आहेत. शहराच्या ऐन पोटात एवढी जमीन अजून झाडांखाली आहे, ती मला वाटतं याच कारणाने. नुसती ऐतिहासिक असती तर कधीच तिचे प्लॉट पडले असते.

फिरायला येणाऱ्यांची गर्दी दांडगी. हातात काठी घेतलेले निवृत्त, स्पोर्ट शूज घातलेल्या सुना, दोन मौलवी साहेब, व्यायामाच्या नावाखाली गप्पा मारणारं एक टोळकं. हिंदी, मराठी, उर्दू, दखनी सगळं एकाच वाटेवर. आत शिरलं की उन्हाचा पारा निदान दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखा वाटतो. कोकीळ एकसारखी ओरडत होती, आणि पोपट आंब्यावर बसून अर्धी खाल्लेली फळं खाली टाकत होते. आबांना हे पोपट अजिबात आवडले नाहीत.

आबा प्रत्येक झाडाशी थांबायचे. खोडाला हात, मग पान उलटं करून बघणं, मग खाली बुडाशी माती चिमटीत घेऊन चुरडणं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला आबांसोबत पाठवायची ताईची हुशारी. त्याने पहिल्या तीन झाडांपर्यंत धीर धरला. चौथ्याला म्हणाला, "आबा, सगळी आंब्याचीच आहेत."

"सगळी इंजिनेरं तरी सारखीच असत्यात का?"

चिंचांच्या भागात मात्र आबांनी खरंच वेळ काढला. कोरडवाहू माणसासाठी चिंच म्हणजे काय, ते त्यांच्याकडून ऐकावं. आंब्याला पाणी कमी पडलं तर तो मोहोर गाळतो. मोसंबीला कमी पडलं तर बागच जाते; जालन्याकडे दुष्काळात लोकांनी मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. चिंच मात्र मुळं खोल घालते आणि गप उभी राहते. एकदा तीन-चार वर्षं जगवली की पुढे तिला तुमची गरज नसते. बी लावलं तर फळ यायला सात-आठ वर्षं सहज जातात, म्हणून कलम घ्यायचं. 'प्रतिष्ठान' नाव पैठणच्या जुन्या नावावरून. तसंच सीताफळात 'धारूर-६', तीही याच विद्यापीठाची निवड. आमची एसटी काल धारूरच्या डोंगराला वळसा घालूनच आलेली, तिथल्या बालाघाटात सीताफळ कुणी लावत नाही, ते आपोआप येतं. संशोधन म्हणजे काय, तर आपोआप आलेल्या हजार झाडांतलं नेमकं कोणतं चांगलं हे वर्षानुवर्षं बघत बसायचं. आबा हे सांगताना फार खूश होते.

रोपवाटिकेत आबांनी चिंचेच्या कलमांची चौकशी केली. तिथल्या माणसाने आबांची टोपी, धोतर आणि आमची बॅग पाहिली आणि विचारलं, "कुठून?"

"लातूर."

"मग आज नका नेऊ काका. एवढ्या उन्हात एसटीत कलम शिजून जाईल. पाऊस पडू द्या, मग या."

माल विकायला बसलेला माणूस माल नेऊ नका म्हणतो, ही गोष्ट आबांना इतकी पटली की त्यांनी त्याच्याकडून दोन किलो केशर आंबे घेतले.

बागेत शक्कर बावडी आहे. जुनी, दगडी बांधणीची, आणि नावाप्रमाणे गोड्या पाण्याची ख्याती असलेली. तिच्या काठाशी आलो तेव्हा मला पहिल्यांदा हे डोक्यात बसलं की या शहरात जिथे जिथे जुनी बाग आहे तिथे तिथे आधी कुणीतरी पाणी आणलेलं आहे. बाग नंतरची. डेक्कनच्या या काळ्या दगडावर चार बागा उभ्या करणाऱ्यांनी झाडं कोणती लावली त्याच्या नोंदी फार नाहीत, पण पाणी कुठून आणलं ते अजून जमिनीखाली सापडतं. उरलेला प्रवास मी त्याच नजरेने केला, आबा तर आधीपासूनच करत होते.

संध्याकाळी पाचनंतर बीबी का मकबरा. इथे प्रत्येक गाईड पहिल्या वाक्यात ताजमहाल काढतो आणि मग लोक तासभर काय कमी आहे ते शोधत फिरतात. संगमरवर कमरेच्या थोडा वरपर्यंतच, पुढे गिलावा. हो, आहे. खर्चाचा आकडा नोंदलेला आहे: ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजचा सव्वातीन कोटींच्या घरात सांगतात. आबांना फक्त ते सात आणे आवडले. "हिशेब लिहिणारा पक्का होता." औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर, बांधकामाचं श्रेय तिच्या मुलाला, आजमशाहला देतात, दारावर अताउल्लाह या वास्तुकाराचं आणि हंसपतराय या अभियंत्याचं नाव कोरलेलं आहे. भाच्याने हंसपतरायसोबत सेल्फी काढला, म्हणजे दारासोबत.

मला विचाराल तर मकबरा घुमटाकडे बघून नाही, पाठ करून बघावा. चौथऱ्यावर उभं राहून दक्षिणेकडे, दरवाजाच्या दिशेने. मग कळतं की ही इमारत नाहीच, ही एक आखलेली बाग आहे आणि तिच्या मध्यभागी कबर ठेवलीय. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद तटबंदी, चार भाग, मधून पाण्याचा लांबलचक पाट आणि त्यात कारंज्यांच्या तोंडांची रांग. मागे सिहाचलचा डोंगर. आम्ही गेलो तेव्हा पाट कोरडा होता आणि त्यात एक लहान मुलगा कारंज्याच्या एका तोंडावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता. मकबऱ्याच्या बेगमपुरा वस्तीसाठी डोंगराकडून वेगळी नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी वाट, काढलेली होती, त्या पाण्यावर हे सगळं चालायचं. जवळच थत्ते हौद आहे, त्याला थत्ते नहरेचं पाणी. म्हणजे एकेका वस्तीला एकेक नहर.

आत कबर खाली आहे, आपण वरून अष्टकोनी जाळीतून बघतो. लोक नाणी टाकतात. गोदावरीतही टाकतात, इथेही टाकतात.

शनिवार

आजचा दिवस पाणचक्कीचा, आणि मी तो लांबवणार आहे, कारण या शहरात मला सगळ्यांत जास्त तेच आवडलं.

आधी मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने १६१० च्या सुमारास खडकी गावात शहर वसवलं. मालोजीराजांचं मालपुरा, तसंच खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मराठे सरदारांची नावं वस्त्यांना मिळाली ती याच काळात. राजधानी वसवायची तर पाणी लागणार, आणि जागा अशी की मोठी नदी नाही, खाम म्हणजे पावसाळ्यापुरती. मलिक अंबरने वर, उत्तरेच्या डोंगरपायथ्याला जमिनीतलं झिरपणारं पाणी धरलं. विहिरीसारखे खड्डे, ते एकमेकांना जोडणारे बोगदे, आणि उताराच्या जोरावर ते पाणी शहरात. ना मोट, ना पंप. मधे मधे हवा सुटायला आणि दाब मोडायला मनोरे. हीच नहर-ए-अंबरी. पुढे मोगल आले, १६५३ मध्ये शहराचं नाव बदललं, पण पाण्याची रीत तीच ठेवली आणि तशाच आणखी नहरी काढल्या.

पाणचक्की ही त्यातल्याच एका नहरेवरची. बाबाशाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा इथे आहे, आणि दर्ग्याच्या आवारात पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी. सहा किलोमीटरांवरच्या उगमातून पाणी मातीच्या नळांमधून येतं. इथे आल्यावर एका उंच भिंतीच्या पोटातून ते वर चढतं आणि भिंतीच्या माथ्यावरून पडद्यासारखं हौदात पडतं. भाच्याचा इथे खरा उपयोग झाला. उगम उंचावर, मधला भाग खोल, म्हणून दाबाने पाणी पलीकडे पुन्हा वर चढतं. हा उलटा सायफन. आबांना त्याने बाटली आणि नळी घेऊन दाखवायचं ठरवलं. आबा म्हणाले, "आरं, ठिबकला आमी काय करायलो मग?"

वरून पडलेल्या पाण्यापैकी एक वाट चक्कीला जाते. खाली आडवं पातं फिरतं, त्याच्या दांड्याने वर जातं फिरतं, आणि दळण बाहेर. फकीर, वाटसरू, शिपाई यांच्या जेवणाचं पीठ इथे दळलं जायचं. पण मला थक्क केलं ते हौदाने. तो जमिनीवर बांधलेला नाही. त्याचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. डोक्यावर एवढं पाणी घेऊन तीनशे वर्षांच्या आसपास ते दालन उभं आहे, आणि उन्हाळ्यात आत शिरलं की एसी लावल्यासारखा गारवा. वर मुलं माशांना चणे-फुटाणे टाकतात, खाली लोक घाम पुसत बसतात. उरलेलं पाणी खाम नदीत सोडायची सोय.

धार मेच्या मानाने बारीक होती, पण होती. आबा हौदाच्या काठावर, मोठ्या वडाच्या सावलीत बसले ते उठेचनात. शेजारी एक म्हातारबाबा तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत बसलेले. थोड्या वेळाने दोघांचं बोलणं सुरू झालं. बाबा म्हणाले, "पहले तो चादर गिरती थी भाई, चादर." आबा म्हणाले, "पाऊस तरी कुठं पयल्यासारका ऱ्हायला." त्यावर दोघांनीही बराच वेळ मान हलवली. मग विषय बीटी कापसावर गेला.

ताईचे पाणी जायकवाडीचे. पैठणहून पंपाने उचलून इथवर आणतात. नाथसागर भरलेला असला तरी ड्रम ठेवावे लागतात, कारण शहर फुगलं तसे नळ फुगले नाहीत. नहरींवर तेव्हाची लोकसंख्या भागायची, आजच्या अकरा-बारा लाखांहून अधिक माणसांना त्या पुरणार नाहीत, हे उघड आहे. जुन्याचे गोडवे गाऊन ताईचा ड्रम भरत नाही. तरी उतारावरून फुकट येणारं पाणी घाण आणि बांधकामाखाली दाबून टाकायचं आणि मग पन्नास किलोमीटरवरून वीज जाळून पाणी उचलायचं, यातला शहाणपणा मला काही दिसला नाही. भाच्यालाही दिसला नाही, आणि त्याला अभ्यासात हेच शिकवलंय.

संध्याकाळी सिद्धार्थ उद्यान. मध्यवर्ती बसस्थानकाच्या शेजारी. हे मात्र खरंखुरं शहरी उद्यान: हिरवळ, झोके, गौतम बुद्धांची मूर्ती, भेळ, फुगे, आणि महापालिकेचं प्राणिसंग्रहालय. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांनी आयुष्यातला पहिला वाघ इथेच पाहिला. माझ्या शाळेची सहल इथे आली होती आणि त्या दिवशी वाघ झोपलेला होता. आज तो जागा होता आणि पांढरी वाघीण पाण्यात बसलेली. तिच्या हौदाला भरपूर पाणी होतं. प्राणी पुढे मिटमिट्याच्या सफारी पार्कमध्ये न्यायचं ठरलंय, आणि तिथे त्यांना अंग मोकळं करायला जागा मिळेल, हे बरंच. मला गर्दी आवडली. बुरख्यातल्या बाया, नऊवारीतल्या आज्या, नव्या लग्नाची जोडपी, सगळे त्याच हिरवळीवर डबे उघडून बसलेले. ताईने धपाटे आणि दही आणलेलं. हिमायतबागेतले केशर तिथेच संपले.

रविवार

खुलताबाद पंचवीस किलोमीटर. जावईबापूंची गाडी होती, म्हणून आबांनी गुडघ्यांची तक्रार केली नाही. दौलताबादच्या किल्ल्याखालून जाताना त्यांनी काचेतूनच जनार्दनस्वामींना हात जोडले. घाट चढला की हवा बदलते, आणि कबरींचं गाव सुरू होतं. खुलताबादला भद्रा मारुती झोपलेला आहे, त्याचं दर्शन झालं. शनिवार काल गेल्याने रांग कमी. औरंगजेबाची कबर याच गावात, उघड्या आभाळाखाली आणि साधी. आम्ही तिकडे वळलो नाही, बनीबेगम बागेत गेलो.

मकबऱ्यात हजारो माणसं असतात, इथे आम्ही पाच आणि एक शेळी. बनीबेगम ही औरंगजेबाच्या एका मुलाची पत्नी असल्याचं सांगतात, तिची कबर बागेच्या मधोमध. भोवती तट, कोपऱ्यांवर घुमट्या, बंगाली धाटणीची वाकलेली छपरं, कारंज्यांचे हौद, पाट. आराखडा तोच, पण आकार माणसाच्या बेताचा. बाग पाहायची हौस ज्याला आहे त्याने मकबऱ्याआधी इथे यावं असं मी म्हणेन. इथे कुणी गाईड नाही, म्हणून ताजमहालही नाही.

आबा पाटाच्या कडेने चालत गेले. पाटाचा उतार कसा दिलाय ते त्यांना बघायचं होतं. खिशातली पाण्याची बाटली काढून त्यांनी थोडं पाणी पाटात ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उकिडवे बसले. पाणी हातभर गेलं आणि उन्हाने सुकलं. "उतार बरुबर हाय," म्हणाले. ताई ओरडली, "आबा, प्यायचं पाणी होतं ते!"

परतताना वाटेत रसवंतीवर थांबलो. आबांनी उसाचा रस घेतला, त्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते दुसरीकडे बघायला लागले.

सोमवार

परतीची बस सकाळची. ताईकडे रात्री दोनला नळ आला होता, ती आणि भाचा ड्रम भरून झोपलेच नव्हते.

गेवराईपर्यंत आबांनी कलमांचा बेत केला. बांधावर आठ चिंचा, दोन झाडांत दहा मीटर अंतर. मीटर बाय मीटर बाय मीटरचे खड्डे आताच काढून उन्हात तापू द्यायचे, मग शेणखत. मृगाचा पाऊस दोनदा चांगला झाला की भाच्याने हिमायतबागेत जायचं, कलमं गोणपाटात गुंडाळून रात्रीच्या एसटीने पाठवायची, दिवसाच्या नाही. भाच्याला फोन लावला. तो झोपेत "हो आबा" म्हणाला. आबांनी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे हे तीनदा. मग मला म्हणाले, "तू लिहून पाठव त्याला. न्हाईतर पोरगं चिंच म्हणून बोर पाठवील."

मी लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवलाय.